फणसाच्या उपमेपलीकडचा बाप

जूनचा तिसरा रविवार जवळ आला की मराठीत बापाला उधाण येतं. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, शाळांच्या वक्तृत्व स्पर्धा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कविता, मागे बासरी लावलेल्या चित्रफिती. सगळीकडे सुरुवातीची तक्रार ठरलेली असते: आईवर सगळ्यांनी लिहिलं, बापावर कुणीच नाही. मग फणस येतो, वरून काटेरी आणि आत गोड गरे. फणसामागून झिजलेली चप्पल, बगलेत विरलेलं बनियन आणि पोराच्या पायातले नवे बूट. शेवटच्या कडव्यात बाप जातो, पोराला सगळं उशिरा कळतं आणि सभागृहात रुमाल निघतात.

तक्रार खरी नाही, हे आधी बोलून टाकू. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या १९६२ सालच्या नाटकाचा कणाच शिवाजी महाराज आणि संभाजीराजे यांच्यातला ताण आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ कादंबरीत पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला जातो, पैसे उडवतो आणि अखेर बापाच्याच गावी, बापाच्याच घरात येऊन पडतो. बापावरचा राग हा त्या कादंबरीतला मोठा धागा आहे. दलित आत्मकथनांत बाप कुठे राबणारा म्हणून हजर आहे, तर शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) तो नाव द्यायला तयार नसलेला बाप म्हणून पानोपानी जाणवतो. म्हणजे लिहिलेलं भरपूर आहे. ते आपण जोखतो मात्र किती गलबलून आलं यावर, आणि घोटाळा तिथे होतो.

माझं म्हणणं असं की, बाप आणि मुलगा यांची जवळीक कागदावर उतरते ती एकाला दुसऱ्याबद्दल किती नेमकं माहीत आहे यातून, आणि ती माहिती लेखकानं कोणत्या क्षणी खर्च केली आहे यातून. त्याग, माया, डोळ्यांतलं पाणी हे सगळं त्यानंतरचं. शाळा, स्पर्धा आणि पुरवण्या हा क्रम उलटा शिकवतात.

नेमकेपणाचा सगळ्यात जुना आणि आजही सगळ्यात स्वच्छ नमुना ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या शेवटच्या, चोविसाव्या सर्गात सापडतो. युद्धावर गेलेला नायक ओडिसियस वीस वर्षांनी घरी आला आहे. शत्रू मारून झाले, बायकोची भेट झाली. म्हातारा बाप लेअर्टीझ तेवढा उरला आहे. तो वाडा सोडून मळ्यात राहतो. होमर त्याला आपल्यासमोर उभा करतो तो कपड्यांसकट: ठिगळाचा मळका अंगरखा, ओरखडे लागू नयेत म्हणून पोटऱ्यांना बांधलेलं शिवलेलं कातडं, काट्यांसाठी हातमोजे, डोक्यावर बकऱ्याच्या कातड्याची टोपी. एका रोपाच्या बुडाशी तो खणतोय. मुलगा धावत जाऊन गळ्यात पडत नाही. आधी परका असल्याची थाप मारतो. बाप ओंजळीनं धूळ घेऊन डोक्यावर ओततो तेव्हा मात्र त्याला राहवत नाही आणि तो खरं सांगून टाकतो. आता बाप म्हणतो, खूण पटव.

पहिली खूण रानडुकराच्या सुळ्याचा व्रण. हा व्रण घरातल्या म्हाताऱ्या दाईलाही ठाऊक असतो, आधीच्या एका सर्गात तिनं तो पाय धुताना ओळखलेला आहे. कथानकापुरतं पाहिलं तर इथे काम संपलं. पण ओडिसियस पुढे बोलतो. लहान असताना मी या बागेत तुमच्या मागे मागे हिंडायचो, दिसेल त्या झाडाचं नाव विचारायचो, तुम्ही सांगायचात. तुम्ही मला नासपतीची तेरा झाडं दिलीत, सफरचंदाची दहा, अंजिराची चाळीस, आणि द्राक्षवेलींच्या पन्नास ओळी द्यायचं कबूल केलंत. हे ऐकल्यावर म्हाताऱ्याचे गुडघे खचतात.

व्रणानं नुसती ओळख पटली, गुडघे खचले ते झाडांच्या आकड्यांनी. व्रण सगळ्या घराच्या माहितीतला, झाडांचा हिशेब फक्त दोघांतला. वीस वर्षं युद्ध आणि समुद्र यांत काढलेल्या माणसानं ही यादी डोक्यात सांभाळून ठेवली, हे होमर सांगत नाही; आकडे सांगतात. शिवाय ही माहिती बापाच्या कामाची आहे. बापाचे डोळे कसे होते, आवाज कसा होता, यातलं काहीही मुलगा बोलत नाही. बापानं काय लावलं आणि त्यातलं मला काय दिलं, एवढंच.

आता चपलेकडे या. झिजलेली चप्पल हीसुद्धा वस्तूच आहे, मग ती का लागू पडत नाही? ती एकट्या बापाच्या पायात असते, हे कारण. मुलगा तिला हात लावत नाही, ती कुणी कुणाला देत नाही, घेत नाही, लपवत नाही, शिवून आणत नाही. बापाची गरिबी सांगण्यापुरती ती येते आणि जाते. झाडं मात्र दिली-घेतली गेली होती. दोघांचं नातं वस्तूतून दाखवायचं तर वस्तू दोघांमध्ये फिरली पाहिजे, आणि फिरताना काहीतरी बिघडलं किंवा सुधारलं पाहिजे. चपलेचाच हट्ट असेल तर ती बापानं कितव्यांदा शिवून आणली, शिवणावळीचे पैसे देताना मुलगा शेजारी उभा होता का, तिसऱ्यांदा चांभारानं काय सांगितलं, इथून सुरुवात करावी लागेल.

आपल्याकडे याचा धडा महाभारताच्या आदिपर्वात आहे आणि तो मुलांना गोष्ट म्हणून सांगितला जातो, रचना म्हणून क्वचितच. श्रीमंतांची मुलं दूध पिताना पाहून अश्वत्थामा रडतो. द्रोण दुभत्या गाईसाठी वणवण करतात, गाय मिळत नाही. इतर मुलं अश्वत्थाम्याला पाण्यात पीठ कालवून देतात. तो ते पितो आणि मी दूध प्यालो म्हणून नाचायला लागतो. भोवतीची मुलं हसतात, माणसं द्रोणांना नावं ठेवतात.

ही हकीकत सांगतंय कोण? स्वतः द्रोण, भीष्मांना. मुलाच्या तोंडी ही गोष्ट घातली असती तर फसवणुकीची झाली असती, कवीनं त्रयस्थपणे सांगितली असती तर दारिद्र्याची. बापाच्या तोंडी ती लाजेची होते, आणि त्या लाजेतूनच पुढे द्रुपदाकडे जाणं, अपमान, वैर हे सगळं सुरू होतं. नाचणाऱ्या मुलाला काहीच ठाऊक नाही, बापाला सगळं ठाऊक आहे. दोघांच्या माहितीतला हा फरक म्हणजेच त्या प्रसंगातली जवळीक. पुढे द्रोणपर्वात अश्वत्थामा मेला एवढ्या एका बातमीवर द्रोण शस्त्र खाली ठेवतात ते आपल्याला पटतं, कारण पिठाच्या पाण्याचा प्रसंग पूर्वीच पेरून ठेवलेला आहे. तो काढून टाका, द्रोणांचा शेवट नुसती कृष्णाची युक्ती वाटेल.

त्या प्रसंगात तिसरा घटकही आहे, बघे. बाप आणि मुलगा दोघंच असताना जे झाकलेलं राहतं ते बघणाऱ्यांमुळे उघडं पडतं. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्याचं कुटुंब डुक्कर धरायला धावतं तेव्हा भोवती गाव जमून हसत असतं, त्यात त्याच्या वर्गातली मुलंही असतात. बापाबरोबर धावावं लागतंय याची लाज आणि बापावर हसणाऱ्यांचा संताप, दोन्ही एकाच पोराच्या अंगात एकाच वेळी उसळतात. गर्दी काढून तोच पाठलाग निर्जन माळावर चित्रित केला असता तर बाप आणि मुलगा डुक्कर पकडतायत एवढंच उरलं असतं. पुरवणीतल्या बापाला मात्र बघे नसतात. तो पोकळीत राबतो, म्हणून त्याचा आपल्याला आदर वाटतो आणि पुढच्या पानावर तो विसरला जातो.

भाषेकडे वळायचं तर कॉर्मॅक मॅकार्थी या अमेरिकी कादंबरीकाराच्या ‘द रोड’इतकं उघडं उदाहरण दुसरं सापडणं कठीण. २००६ साली आली, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. जग जळून राख झालंय, एक बाप आणि त्याचा लहान मुलगा सामानाची हातगाडी ढकलत दक्षिणेकडे समुद्राच्या दिशेनं चाललेत. दोघांना नावं नाहीत. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. वाक्यं तोकडी, एकाला एक ‘आणि’नं जोडलेली. ही सगळी लेखकाची लकब म्हणून सोडून देता येईल, पण प्रत्येकीला इथे काम आहे. नावं नसल्यामुळे पानावर ‘तो माणूस’ आणि ‘तो मुलगा’ एवढंच उरतं. तिसरा कुणी हाक मारायला नसेल तर नावाची गरज कुणाला? अवतरणचिन्हं नसल्यामुळे कोणतं वाक्य बापाचं आणि कोणतं मुलाचं हे मोजून पाहावं लागतं, काही ठिकाणी दोघांचे आवाज एकमेकांत मिसळूनच जातात. आणि दोघांचं जवळजवळ प्रत्येक बोलणं ‘ठीक आहे’ या अर्थाच्या एकाच शब्दावर येऊन थांबतं. घाबरलेल्या मुलाला बाप काहीतरी समजावतो, मुलगा म्हणतो ठीक आहे, बाप म्हणतो ठीक आहे. कधी त्याचा अर्थ पटलं, कधी पटलं नाही पण चालेल, कधी आता बोलू नका. चाळीसेक पानं वाचून झाली की वाचणारा हे अर्थ आपोआप वेगळे करायला लागतो, आणि तिथून पुढे तो या घराचाच होतो.

याच कादंबरीत कोकोचा एक प्रसंग आहे. बाप मुलाला कोको करून देतो, स्वतःच्या कपात नुसतं गरम पाणी ओततो. मुलगा पकडतो. असं करणार नाही म्हणून वचन दिलं होतं, याची बापाला आठवण करून देतो आणि सारखं तुमच्यावर लक्ष ठेवावं लागतं अशा अर्थाचं बोलतो. बाप गरम पाणी परत भांड्यात ओततो आणि मुलाच्या कपातला थोडा कोको स्वतःच्या कपात घेतो. आपल्या कवितांमधल्या त्यागी बापाचं आणि या बापाचं कृत्य सारखंच आहे, स्वतः उपाशी राहून पोराला द्यायचं. फरक एवढाच की इथे पोरगा ते चालू देत नाही. त्याग उघडा पडतो, त्यावर भांडण होतं आणि वाटणी होते. आपल्याकडचा पोरगा मात्र तीस वर्षं काहीच पाहत नाही आणि तेराव्याला एकदम सगळं पाहतो! असा आंधळा मुलगा उभा केला की नातं एकतर्फी होतं. बाप मोठा दिसतो खरा, पण जवळ कुणीच येत नाही.

उशिरा कळण्याला माझा विरोध नाही. बाप-मुलाच्या लिखाणाचं ते जुनं हत्यार आहे, फक्त ते चालवायला दोन काळ वेगळे ठेवावे लागतात: घडलं तेव्हाचं वय आणि लिहितानाचं वय. जर्मन भाषेत लिहिणारा कथाकार-कादंबरीकार फ्रान्झ काफ्का यानं नोव्हेंबर १९१९ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, वडिलांना लिहिलेलं शंभरावर हस्तलिखित पानांचं पत्र या बाबतीत वाचण्यासारखं आहे. त्यात लहानपणची एक रात्र येते. पोरगा पाणी पाणी म्हणून किरकिर करतो, तहान लागली म्हणून नव्हे, थोडी त्रास द्यायची हौस आणि थोडी स्वतःची करमणूक. धमक्यांनी गप्प बसत नाही म्हटल्यावर वडील त्याला अंथरुणातून उचलून मागच्या गॅलरीत ठेवतात, दार लावून घेतात. अंगात एक शर्ट. प्रौढ काफ्का त्यावर लिहितो की पाणी मागणं आणि बाहेर उचलून ठेवलं जाणं यांचा संबंध मला कधीच जोडता आला नाही. या ठिकाणी मूल मूलच राहतं आणि लिहिणारा लिहिणारा राहतो. मुलाच्या डोक्यात प्रौढाची समज कोंबलेली नाही.

‘मी आठ वर्षांचा होतो, पण तेव्हाच मला बाबांच्या डोळ्यांतली अगतिकता कळली’ असं वाक्य आपल्या स्पर्धांच्या निबंधांत सर्रास येतं. आठ वर्षांच्या पोराला अगतिकता कळत नाही. बाबा आज जेवले नाहीत, एवढं कळतं. तेवढंच लिहावं, अगतिकता वाचणाऱ्याला कळते.

काफ्काच्या पत्राची खरी करामत शेवटाला आहे. पानामागून पानं आरोप केल्यावर तो वडिलांची बाजू स्वतःच लिहून दाखवतो: यावर तुम्ही काय म्हणाल ते हे असं. आणि ते उत्तर दुबळं नाही, मुलाला चांगलंच झोंबणारं आहे. विरुद्ध बाजूच्या माणसाचं बोलणं इतकं हुबेहूब लिहिता यायला त्याच्याबरोबर आयुष्य काढलेलं असावं लागतं. सगळ्या पत्रात प्रेमाची कबुली शोधायची तर मला ती या उसन्या उत्तरात दिसते. पत्र काफ्कानं आईकडे दिलं, तिनं ते वडिलांना न देता परत केलं, अशी काफ्काचा मित्र मॅक्स ब्रॉड याची नोंद आहे.

आईचा उल्लेख आला म्हणून आपल्या कथा-मालिकांतला एक रोगही सांगायला हवा. बाप बोलत नाही, मुलगा रुसतो, मग आई स्वयंपाकघरात त्याला समजावते: अरे, त्यांना काळजी असते तुझी, फक्त बोलून दाखवत नाहीत. या एका वाक्यानं आधीच्या सगळ्या प्रसंगांवर बोळा फिरतो, कारण वाचणाऱ्यानं जे जोडून पाहायचं ते आईनं जोडून दिलं. लिखाण तपासताना आईचं हे वाक्य काढून पाहावं. काढल्यावरही बापाची काळजी जाणवत असेल तर वाक्य फालतू होतं. जाणवत नसेल तर आधीचे प्रसंग कच्चे होते. दोन्हीकडून वाक्य जायलाच हवं.

मग ‘मी’ कुणाला द्यायचा? वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडानं बोलतात. बापाला तारुण्य देणाऱ्या पुरूला मात्र निवेदनाचा भाग नाही. घेणाऱ्याचा पश्चात्ताप आपण आतून ऐकतो, देणाऱ्याचं मन बाहेरूनच पाहतो. कादंबरी ययातीच्या वासनेची असल्यामुळे हा निर्णय तिच्या कामाचा आहे, पण बाप-मुलगा म्हणून वाचताना पुरू आदर्श पुतळ्यासारखा राहतो तो याच निर्णयामुळे. याच्या दुसऱ्या टोकाला डॉ. नरेंद्र जाधव यांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३). वडील दामोदर जाधव यांनी निवृत्तीनंतर, मुलाच्या आग्रहावरून, स्वतःच्या बोलीत लिहून काढलेल्या आठवणी या पुस्तकाचा पाया आहेत. अर्थशास्त्रज्ञ मुलाची प्रमाण मराठी आणि ओझरहून मुंबईला आलेल्या बापाची बोली एकाच पुस्तकात शेजारी बसतात. मुलानं बापाची भाषा ‘सुधारून’ घेतली असती तर पुस्तक अधिक गुळगुळीत झालं असतं आणि बाप त्यातून निघून गेला असता. बापाचं बोलणं जसंच्या तसं ठेवण्यात मुलाचा जो आदर आहे, तो वेगळा लिहावा लागलेला नाही.

मराठीत आणखी एक सोय आहे. ‘बाबा आले’ आणि ‘बाप आला’ यांत क्रियापदापासून अंतर ठरतं. ‘अहो बाबा’ म्हणणारं घर वेगळं, ‘ए बाबा’ म्हणणारं वेगळं, ‘आण्णा’, ‘तात्या’, ‘दादा’ अशी हाक मारणारं आणखी वेगळं. एकदा धरलेली रीत गोष्टभर सांभाळावी, आणि ती जिथे मोडेल ती जागा निवडून मोडावी. जन्मभर ‘अहो’ म्हणणारा मुलगा दवाखान्यात बापाला उठवून बसवताना ‘धर, माझा खांदा धर’ म्हणाला तर वेगळ्या वर्णनाची गरज पडत नाही. नवशिक्या लिखाणात ही रीत नकळत मोडते, एका पानावर ‘बाबा म्हणाले’ आणि पुढच्या पानावर ‘बाप म्हणाला’, कारण दुसऱ्या ठिकाणी परिणाम साधायचा असतो. मग जिथे खरंच मोडायला हवी तिथे तिची धार गेलेली असते.

हे सगळं एका उदाहरणावर करून पाहू. बाप ऊसवाला शेतकरी आहे आणि त्याचे कष्ट दाखवायचेत. नेहमीचं वाक्य: ‘बाबांनी आमच्यासाठी रात्रीचा दिवस केला.’ यात शेत नाही, रात्र नाही, मुलगाही नाही. पंपाची थ्री-फेज वीज रात्रीची आहे म्हणून दोघं दारं धरायला, म्हणजे उसाला सरीसरीनं पाणी द्यायला, गेलेत असं घेऊ. मुलगा सरीच्या खालच्या टोकाला बॅटरी घेऊन उभा. पाणी टोकाला पोचलं की तो ‘आलं’ म्हणून ओरडतो, वरच्या अंगाला बाप खोऱ्यानं दारं मोडून पाणी पुढच्या सरीला लावतो. असं बऱ्याच सऱ्यांना होतं. मग एकदा ‘आलं’ यायला उशीर होतो. बाप हाक न मारता खाली चालत येतो, मुलगा उभ्या उभ्या पेंगताना दिसतो. बाप त्याला बांधावर निजवतो, बॅटरी घेतो आणि उरलेल्या सऱ्या दोन्ही टोकांना हेलपाटे घालत एकटा भरतो.

प्रसंग बरा आहे, पण यात एक भोक आहे. निवेदक मुलगा असेल तर तो झोपलाय, हेलपाटे त्यानं पाहिले कसे? लिहिणारे बहुधा इथे दुर्लक्ष करतात आणि झोपलेल्या मुलाच्या तोंडी सगळं वर्णन घालतात. दुरुस्ती सोपी आहे. मुलाला पहाटे बांधावर जाग येते, अंगावर बापाचा टॉवेल आहे, बॅटरीचा उजेड पिवळा पडलाय आणि सगळ्या सऱ्यांची टोकं ओली आहेत. बाप बोअरच्या पेटीजवळ बिडी ओढतोय. मुलगा टोकं पाहून हिशेब करतो. हेलपाट्यांचा शब्दही काढायचा नाही. ‘तेव्हा मला बापाची माया कळली’ हे वाक्य लिहायचा मोह याच ठिकाणी होतो. तिथे थांबावं आणि बापाला पुढचं काम सांगू द्यावं, मोटार बंद करून ये, इतकंच.

या गोष्टी शाळेत शिकवता येतात का? दहावीच्या मराठीत कवितेचं रसग्रहण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं या तीन अंगांनी लिहायचं असतं. चौकट वाईट नाही. वापर कसा होतो, तर पहिल्यात ‘कवीने वडिलांचे प्रेम हृदयस्पर्शी शब्दांत मांडले आहे’, दुसऱ्यात एका अलंकाराचं नाव, तिसऱ्यात ‘भाषा साधी, सोपी व ओघवती आहे’. ही तीन वाक्यं कोणत्याही कवितेला चिकटतात. गाइडांत ती तयार मिळतात आणि त्यांना गुणही पडतात. त्याऐवजी ‘भाषिक वैशिष्ट्यं’ या अंगाखालीच विचारता येईल: ही ओळ बोलणाऱ्याचं वय काय असावं आणि ते कशावरून? बापाला माहीत आहे पण मुलाला माहीत नाही अशी कोणती गोष्ट इथे आहे? कोणती वस्तू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेली? दहावीच्या मुलांना हे झेपत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्यांना सिनेमावर बोलताना ऐकावं. कॅमेरा कुणाच्या मागे होता आणि खलनायक आधीच कसा ओळखू आला, हे ती बारकाईनं सांगतात.

यावर एक आक्षेप येतो आणि त्यात तथ्य आहे. व्यासपीठावर म्हटली जाणारी कविता एकदाच ऐकायची असते. तिला ध्रुवपद लागतं, ओळखीची प्रतिमा लागते, श्रोत्यांचा हुंकार यायला जागा लागते. फणस तिथे उपयोगी पडतो, कारण तो समजायला क्षणही लागत नाही. कीर्तनकारालाही ओळखीचेच दृष्टांत लागतात. मान्य. पण मग ते सादरीकरण म्हणून जोखा: आवाज, थांबे, पाठांतर. तीच कविता छापून मुलांपुढे लेखनाचा आदर्श म्हणून ठेवू नका. दोन कसोट्यांची गल्लत झाल्यामुळे चांगलं म्हणणारा मुलगा चांगलं लिहिणारा ठरतो, आणि शेजारच्या बाकावर बापाच्या गॅरेजमधल्या पान्यांचे नंबर अचूक लिहिणाऱ्या मुलाला ‘भावना कमी’ असा शेरा मिळतो.

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. ‘माझे बाबा’ हा निबंध सगळ्या वर्गाला सक्तीनं दिला जातो. वर्गात बाप नसलेली मुलं असतात, दारू पिऊन मारणाऱ्या बापाची असतात, महिन्यातून एकदा फोन करणाऱ्या बापाची असतात. भावनेच्या मापानं गुण मिळणार हे कळल्यावर ही मुलं खोटा बाप लिहितात. ती फणसाचा आधार घेतात, कारण फणस कुणाचाही बाप होऊ शकतो. नेमकेपणाला गुण दिले तर अशा मुलाला खरं लिहायची सोय होते. बाप रात्री आल्यावर कडी कशी वाजवतो आणि त्या वाजण्यावरून घरात कोण कुठे जाऊन बसतं, हे लिहिणारं पोर आपल्या बापाला पुरतं ओळखतं. त्यात माया आहे की भीती, हे परीक्षकानं ठरवायची गरज नाही. असा निबंध हाती आला तर शिक्षकानं तो वर्गात वाचून दाखवू नये आणि पोराशी एकटं बोलावं, हे वेगळं सांगायला नको.

राहता राहिला तपासण्याचा प्रश्न, आणि खरी अडवणूक तिथेच होते. गठ्ठा तपासणाऱ्या शिक्षकाला एक नमुना उत्तर हवं असतं, आणि वर सुचवलेल्या प्रश्नांना एक उत्तर नसतं. लेअर्टीझच्या प्रसंगावर विचारलं की झाडांची संख्या का दिली आहे, तर कुणी म्हणेल पुरावा म्हणून, कुणी म्हणेल आठवण किती घट्ट होती ते दाखवायला, कुणी म्हणेल बापाची मेहनत कळावी म्हणून. तिन्ही बरोबर. नमुना उत्तरपत्रिकेत तिन्ही छापावीत, चौथं पटण्यासारखं आलं तर ग्राह्य धरावं अशी सूचना द्यावी, आणि मजकुरातली ओळ दाखवल्याशिवाय गुण देऊ नयेत. ‘हृदयस्पर्शी’ या शब्दाला, त्याच्याबरोबर ओळ नसेल तर, शून्य.